‘कुठे’ कुठे बसतो?

आजी सकाळी भोरला भाजी विकते. पाच शब्दांचं हे वाक्य. त्याला मराठीत चार प्रश्न सहज विचारता येतात. सकाळी भोरला भाजी कोण विकतं? आजी सकाळी भोरला काय विकते? आजी सकाळी कुठे भाजी विकते? आजी केव्हा भोरला भाजी विकते? वेल्ह्याच्या एखाद्या वाडीतलं चार वर्षांचं पोरही असे प्रश्न दिवसभर विचारत असतं, आणि ते कसे करायचे हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. चारही प्रश्नांत घडतं ते एकच: ज्याची माहिती हवी तो शब्द उचलायचा आणि त्याच्या जागी प्रश्नशब्द बसवायचा. ‘भोरला’ उठला, ‘कुठे’ बसला. ‘कोण’ तेवढा क्रियापदाकडे जरा सरकतो, कारण मराठी प्रश्नशब्दाला क्रियापदाची सोबत आवडते; पण बाकीचं वाक्य जागचं हलत नाही. हेच पोर सातवी-आठवीत गेलं की इंग्रजीच्या वहीत लिहितं, ‘व्हेअर यू लिव्ह?’, ‘व्हाय ही इज क्रायिंग?’, ‘व्हेन डिड यू केम?’ असं अगदी खात्रीने, आणि वहीवर लाल रेघ उमटते. घरी ज्याच्या प्रश्नांनी माणसं वैतागतात, त्याला इंग्रजीत एक प्रश्न धड विचारता येत नाही, असा निष्कर्ष मग सगळेच काढतात. या प्रकरणाचं म्हणणं वेगळं आहे. चूक प्रश्नशब्दांची नसते, जागांची असते. आणि प्रश्न जागेवरच विचारायची मराठीची सवय इंग्रजी प्रश्नाच्या आड येत नाही, उलट त्याची पहिली पायरी तीच आहे.

आधी शब्दांचं पाहू, कारण तिथे फारसं अवघड काही नाही. मराठीतले प्रश्नशब्द एकाच घरातले वाटतात: कोण, काय, का, कुठे, केव्हा, कसा, किती, कोणता, कितवा. भोर-वेल्ह्याच्या मावळी बोलीत ‘केव्हा’चा ‘कवा’ होतो, ‘कुठे’चा ‘कुठं’, ‘कोणता’चा ‘कंचा’, पण शब्दाचं तोंड ‘क’चंच राहतं. हा ‘क’ संस्कृतातल्या ‘कः’ आणि ‘किम्’पासून आलेला आहे, आणि तो फक्त आपल्याकडेच नाही. लॅटिनमध्ये ‘क्विस’ म्हणजे कोण. तिच्यापासून निघालेल्या स्पॅनिशमध्ये ‘के’ म्हणजे काय आणि ‘किएन’ म्हणजे कोण. इंग्रजी ज्या जर्मानिक शाखेची आहे तिथे मात्र या जुन्या ‘क्व’चा ‘ह्व’ झाला. भाषांमधले असे ध्वनिबदल नियमाने होतात हे याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने १८२२ साली मांडलं, आणि तो नियम आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. या ‘ह्व’ची खूण म्हणजे इंग्रजी स्पेलिंगमधली डब्ल्यू आणि एच ही जोडी: व्हॉट, व्हेअर, व्हेन, व्हाय, व्हिच, हू. ‘हाऊ’ही याच कुळातला, त्याची फक्त डब्ल्यू गळाली. म्हणजे शाळेत ज्यांना ‘डब्ल्यूएच क्वेश्चन’ म्हणून घाबरवलं जातं ते शब्द आपल्या ‘काय’ आणि ‘कोण’चे लांबचे भाऊबंदच आहेत. मुलं हे शब्द महिन्याभरात पाठ करतात आणि त्यांच्या अर्थात सहसा चुकत नाहीत. ‘व्हेअर’ म्हणजे कुठे, हे ठाऊक असूनही प्रश्न चुकतो. अर्थातच अडचण शब्दाच्या पलीकडे आहे.

ती नेमकी कुठे आहे ते आजीच्याच वाक्यावर तपासता येतं. इंग्रजीत वाक्य असं होईल: ‘ग्रँडमदर सेल्स व्हेजिटेबल्स इन भोर.’ मराठीच्या रीतीने ‘इन भोर’ उचलून तिथे ‘व्हेअर’ ठेवा: ‘ग्रँडमदर सेल्स व्हेजिटेबल्स व्हेअर’. पहिली पायरी झाली. ही काही निव्वळ कागदावरची पायरी नाही. नीट ऐकू आलं नाही किंवा ऐकलेल्यावर विश्वास बसला नाही, की इंग्रज माणूसही अगदी असंच विचारतो. दुसरी पायरी: प्रश्नशब्द उचलून वाक्याच्या तोंडाशी आणायचा. ‘व्हेअर ग्रँडमदर सेल्स व्हेजिटेबल्स’. आपली बहुतेक मुलं इथपर्यंत बिनचूक येतात आणि इथेच थांबतात. राहते ती तिसरी पायरी. इंग्रजीचा हट्ट असा की प्रश्नशब्द पुढे आला की त्याच्या लगेच मागे, म्हणजे दुसऱ्या जागेवर, साहाय्यकारी क्रियापद हवं. कर्त्याने त्याच्यानंतर यायचं. वाक्यात ‘इज’, ‘कॅन’, ‘विल’, ‘हॅव’ असं काही आधीच असेल तर ते कर्त्याला ओलांडून पुढे येतं: ‘ही इज क्रायिंग’चं ‘व्हाय इज ही क्रायिंग?’. आजीच्या वाक्यात असं कोणी नाही. मग इंग्रजी बाहेरून एक हरकाम्या बोलावते, त्याचं नाव ‘डू’. तो स्वतःचा काही अर्थ घेऊन येत नाही. मुख्य क्रियापदाच्या खांद्यावरचं काळाचं आणि पुरुषाचं ओझं तेवढं स्वतःकडे घेतो. ‘सेल्स’मधला ‘स’ त्याने घेतला, तो ‘डज’ झाला, आणि ‘सेल’ मोकळा झाला: ‘व्हेअर डज ग्रँडमदर सेल व्हेजिटेबल्स?’ ओझं एकच आहे, ते दोघांनी उचलायचं नाही, एवढं कळलं की ‘डिड यू केम’ का चुकतं हे वेगळं सांगावं लागत नाही. भूतकाळ ‘डिड’ने नेला, ‘कम’ रिकाम्या हाताने उभा राहिला.

आता एक प्रश्न असा आहे की त्यात हा हरकाम्या येतच नाही. ‘भाजी कोण विकतं?’ म्हणजे ‘हू सेल्स व्हेजिटेबल्स?’ इथे ‘डज’ नाही, आणि ‘सेल्स’चा ‘स’ जागच्या जागी आहे. मुलांना हे अपवाद म्हणून पाठ करायला लावतात. खरं तर हा अपवाद नाहीच. उत्तर जिथे बसतं तिथे प्रश्नशब्द बसवायचा, ही मराठी पायरी आठवा. इथे उत्तर आहे ‘आजी’, तिची जागा मुळातच पहिली आहे. प्रश्नशब्दाला कुठून कुठे जायचंच नाही, तेव्हा कर्त्याला ओलांडण्याचा प्रश्न येत नाही आणि हरकाम्याचीही गरज पडत नाही. या ठिकाणी मराठी विद्यार्थ्याच्या हातात एक साधन आहे, ते म्हणजे विभक्ती. ‘तुला कोणी पाहिलं?’ आणि ‘तू कोणाला पाहिलंस?’ यांत आपला गोंधळ होत नाही, कारण ‘कोणी’ आणि ‘कोणाला’ ही रूपंच वेगळी आहेत. बोलीतल्या इंग्रजीत दोन्हीकडे ‘हू’ असतो. फरक दाखवायला तिच्याकडे उरते ती फक्त जागा: ‘हू सॉ यू?’ आणि ‘हू डिड यू सी?’. म्हणून नियम सोपा करता येतो. मराठी प्रश्नात करणाऱ्याबद्दल विचारलं असेल, ‘कोण’ किंवा ‘कोणी’ असेल, तर ‘डू’ नको. ‘कोणाला’, ‘कोणाकडे’, ‘कोणाबरोबर’ असेल तर हवा. ‘राजगड कोणी बांधला?’ हे वाक्य मात्र जपून तपासावं. त्यातलं क्रियापद ‘राजगड’ या शब्दाप्रमाणे चालतं, म्हणून मूल राजगडालाच कर्ता समजू शकतं. पण बांधणारा ‘कोणी’ आहे, आणि म्हणून इंग्रजी प्रश्न ‘हू बिल्ट राजगड?’ एवढाच. ‘काय’च्या बाबतीत विभक्ती अशी मदत करत नाही. ‘काय पडलं?’ आणि ‘काय पाहिलंस?’ यांत ‘काय’ दिसतो सारखाच. तिथे उत्तराची जागा पाहणं हाच मार्ग.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की, मराठीत शब्दांची जागा महत्त्वाची नसतेच; कसेही फिरवले तरी अर्थ कळतो; मग जागेचं शिस्तशीर भान आमच्या मुलांना यावं कुठून? हे अर्धंच खरं आहे. ‘तू का आलास?’ आणि ‘तू आलास का?’ हे दोन प्रश्न शेजारी ठेवून पाहा. शब्द तेच तीन, आणि अर्थ दोन. पहिल्यात कारण विचारलं आहे, दुसऱ्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर पुरतं. ‘का’ क्रियापदाच्या आधी बसला की तो इंग्रजीतला ‘व्हाय’, मागे बसला की नुसती प्रश्नाची खूण. ‘काय’चंही तसंच आहे: ‘काय आणलंस?’ वेगळं आणि ‘आणलंस काय?’ वेगळं. शाळेच्या भाषेत पहिला ‘डब्ल्यूएच क्वेश्चन’ आणि दुसरा ‘व्हर्बल क्वेश्चन’. मराठी पोराला हा फरक शाळेत जाण्याआधी कळलेला असतो. एका शब्दाची जागा बदलली की प्रश्नाची जातच बदलते, हे त्याच्या कानाला माहीत आहे. त्याला नवीन फक्त एवढंच सांगायचं की इंग्रजीत हा खेळ दुसऱ्या जागेवर चालतो. ‘का’ची ही जोडी फळ्यावर लिहून धडा सुरू केला, तर जागेचा नियम परका वाटणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक जुना आहे: मातृभाषा डोक्यात असल्यामुळेच या चुका होतात, म्हणून ती वर्गाबाहेर ठेवावी. पण पुरावा या आक्षेपाच्या पूर्ण बाजूने नाही. स्पॅनिश पाहा. त्या भाषेत प्रश्नशब्द इंग्रजीसारखाच वाक्याच्या तोंडाशी येतो, आणि त्याच्या मागोमाग क्रियापदही येतं; फक्त ‘डू’सारखा हरकाम्या तिच्याकडे नाही. मराठीत शब्द जागेवर राहतो, स्पॅनिशमध्ये पुढे जातो. दोन्ही भाषकांच्या चुका मातृभाषेमुळेच होत असत्या तर त्या वेगवेगळ्या व्हायला हव्या होत्या. पण स्पॅनिश भाषकही ‘व्हेअर यू लिव्ह?’ असंच विचारताना आढळतात. त्याहून बोलका पुरावा इंग्रज घरातल्या मुलांचा आहे. एडवर्ड क्लिमा आणि उर्सुला बेलुगी यांनी १९६६ साली इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांच्या प्रश्नांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ॲडम, ईव्ह आणि सारा या टोपणनावांनी ती मुलं भाषाशास्त्रात ओळखली जातात. त्यांच्या वाढीत त्यांना एक टप्पा असा दिसला की, ‘हो-नाही’च्या प्रश्नात मूल साहाय्यकारी क्रियापद पुढे आणतं, पण प्रश्नशब्द आला की तेच क्रियापद कर्त्याच्या मागे राहतं. म्हणजे ‘व्हेअर ही इज गोइंग’ हाच साचा. प्रत्येक मुलात हा टप्पा इतका स्वच्छ दिसत नाही असं पुढच्या अभ्यासकांनी दाखवलं, पण अशा चुका इंग्रज मुलंही करतात याबद्दल वाद नाही. तेव्हा वेल्ह्यातला मुलगा ‘व्हाय ही इज क्रायिंग’ लिहितो तो मराठी असल्याचा दंड भरत नसतो. तो एका अवघड वळणावर उभा असतो, जिथे इंग्रज मूलही अडखळलेलं असतं.

आणि वळण खरोखरच अवघड आहे, कारण इंग्रजीची ही रीत जगात विरळ आहे. मॅथ्यू ड्रायर या भाषाशास्त्रज्ञाने जगभरच्या ९०२ भाषा तपासल्या, तेव्हा प्रश्नशब्द वाक्यारंभी आणणं बंधनकारक असलेल्या भाषा २६४ निघाल्या. ६१५ भाषांत तसं बंधन नव्हतं. जपानी, चिनी आणि आपली मराठी या मोठ्या गटातल्या. ‘हो-नाही’चा प्रश्न नुसती शब्दांची जागा बदलून करणाऱ्या भाषा तर ९५५ पैकी अवघ्या १३ भरल्या, आणि त्यांत बऱ्याच युरोपातल्या. त्यातही ‘डू’ची सक्ती हा इंग्रजीचा खास प्रकार. तिची बहीण जर्मन आजही मुख्य क्रियापदच उचलून पुढे आणते, हरकाम्या बोलावत नाही. इंग्रजीही पूर्वी असंच करत असे. शेक्सपिअरच्या काळात दोन्ही रीती शेजारी नांदत होत्या. ‘डू’ची वाढ मुख्यतः सोळाव्या शतकात झाली, हे आल्वर एलेगोर या स्वीडिश अभ्यासकाने १९५३ साली जुन्या लिखाणातली हजारो वाक्यं मोजून दाखवलं. जो नियम इंग्रजांच्या पूर्वजांनाच अंगवळणी पाडायला पिढ्या लागल्या, तो आठवड्याला ठरावीक तासांत यावा अशी अपेक्षा करताना थोडा धीर धरायला हवा.

मातृभाषा बाहेर ठेवण्याच्या बाजूने आणखी एक युक्तिवाद केला जातो: लहान मूल ऐकून भाषा शिकतं, तेव्हा वर्गातही इंग्रजी नुसती ऐकवावी, समजावत बसू नये. तत्त्व म्हणून हे चांगलं आहे. प्रश्न हिशेबाचा आहे. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० साली, महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. त्यामुळे भोर आणि वेल्ह्याच्या डोंगराळ भागातल्या मुलाच्या वाट्यालाही इंग्रजीची दहा वर्षं आली, ही मोठी गोष्ट झाली. पण वर्षं आली म्हणून ऐकणं आलं असं नाही. पुण्या-मुंबईतल्या मुलाभोवती इंग्रजी दिवसभर वाहत असते. डोंगरातल्या वाडीत ती तासाची घंटा झाली की सुरू होते आणि पुढची घंटा झाली की थांबते. इंग्रज मूल हजारो तास ऐकून जिथे चुकतं, तिथे या मुलाने नुसतं ऐकून बरोबर यावं असं म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे. ऐकण्याची तूट समजुतीने भरून काढायची, तर समजूत घालायला मराठीच हवी. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकवली ती मराठीच्याच आधाराने. त्या पद्धतीत बोलणं मागे पडलं, ही तक्रार रास्त आहे. पण तिच्यावरचा उपाय बोलणं वाढवणं हा आहे, आधार काढून घेणं हा नव्हे.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा आहे. तोरण्याच्या पायथ्याशी परप्रांतातला ट्रेकर उतरला आणि त्याला कोणी ‘व्हेअर यू आर गोइंग?’ विचारलं, तर त्याला समजतंच की. मग व्याकरणाचा एवढा घोळ कशाला? हे मान्य केलंच पाहिजे. संभाषणात प्रश्न विचारला जाणं आधी, तो शुद्ध असणं नंतर. चुकीच्या भीतीने मुलाने तोंडच उघडलं नाही तर सगळंच फुकट. मात्र समजून घेणाऱ्याच्या भरवशावर सगळंच सोडता येत नाही. वर पाहिलेल्या ‘हू सॉ यू’ आणि ‘हू डिड यू सी’ या जोडीत जागा चुकली की अर्थच उलटतो. अर्जात, मुलाखतीत, परीक्षेच्या पेपरात समोरचा माणूस सांभाळून घेतोच असं नाही. आणि जे आपल्याला साधतं ते विचारायचं, जे साधत नाही ते टाळायचं, अशी सवय लागली की मूल ‘व्हॉट इज युअर नेम?’ सारख्या पाठ प्रश्नांच्या पुढे जात नाही. हे पाठ प्रश्न बी म्हणून उत्तम. पण ‘व्हॉट इज’ हा एकच शब्द आहे असं मुलाच्या मनात बसलं की पुढे ‘व्हॉट इज यू वाँट?’ उगवतं.

नियम समजल्यावर एक नवी चूक जन्माला येते, तिचीही दखल घ्यायला हवी. ‘धरण केव्हा फुटलं ते मला सांग’ याचं इंग्रजी मूल करतं, ‘टेल मी व्हेन डिड द डॅम ब्रेक’. हरकाम्या इतका आवडतो की तो जिथे नको तिथेही येतो. प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात शिरला की तो प्रश्न राहत नाही, माहिती होतो, आणि इंग्रजी तिसरी पायरी गाळते: ‘टेल मी व्हेन द डॅम ब्रोक’. इथे कर्ता आधी आणि क्रियापद नंतर हा मराठीचा साधा क्रमच बरोबर ठरतो. चूक झाली म्हणून शिक्षकाने निराश होऊ नये. नियम मुलाच्या हाती आल्याची ती खूण आहे. मराठीचा आधारही सगळीकडे पुरत नाही, हे तितकंच खरं. ‘महाराजांनी घेतलेला तोरणा हा कितवा किल्ला?’ या प्रश्नातल्या ‘कितवा’ला इंग्रजीत एक शब्दच नाही, तिथे वाक्य मुळापासून वेगळं मांडावं लागतं. मराठी ही पहिली पायरी आहे, पूर्ण जिना नाही.

आपल्या बोर्डाच्या इंग्रजीच्या पेपरात एक प्रश्न ओळखीचा असतो: अधोरेखित भाग उत्तर म्हणून येईल असा ‘डब्ल्यूएच’ प्रश्न तयार करा. या प्रकरणात सांगितलेली पद्धत हीच आहे, उत्तरापासून प्रश्नाकडे जाण्याची. फक्त ती गुणांसाठी वरच्या वर्गांत उरकली जाते, आणि खरं तर ती पाचवीतच खेळ म्हणून यायला हवी. क्रमही सांभाळावा: आधी ‘इज’ आणि ‘आर’चे प्रश्न, कारण तिथे हलणारा शब्द वाक्यातच हजर असतो; मग ‘कॅन’ आणि ‘विल’; मग ‘डू’, ‘डज’, ‘डिड’; आणि सर्वांत शेवटी पोटातले प्रश्न. शिकणारा एक पायरी चढल्याशिवाय पुढची शिकवून उपयोग होत नाही, असं मानफ्रेड पिनेमान यांनी १९८० च्या दशकात मांडलं. पायऱ्यांचा हा क्रम त्या विचाराला धरूनच आहे. वाक्यं मात्र मुलांच्या गावची घ्यावीत. फळ्यावर लिहा: ‘द पानशेत डॅम ब्रोक इन १९६१’. त्या वर्षीच्या १२ जुलैला वेल्हे भागातलं ते धरण फुटलं आणि पुण्यात पूर आला, हे इथल्या घरांना सांगावं लागत नाही. ‘इन १९६१’ पुसा, तिथे ‘व्हेन’ लिहा. तो उचलून पुढे आणा. मग विचारा, दुसऱ्या जागेवर कोण आहे? कोणीच नाही. ‘डिड’ला बोलवा, ‘ब्रोक’मधला भूतकाळ त्याच्याकडे द्या: ‘व्हेन डिड द पानशेत डॅम ब्रेक?’ मग धरणाचं नावच पुसून तिथे ‘व्हॉट’ लिहा: ‘व्हॉट ब्रोक इन १९६१?’ या वेळी कोणालाच बोलवावं लागत नाही, आणि ते का, हे मुलांनाच सांगू द्या. खडू, डस्टर आणि ओळखीचं एक वाक्य, याहून जास्त सामान या धड्याला लागत नाही.